नांव नसलेली कांच

महाबळेश्वरचा पावसाळा सरला म्हणजे तेथील बंगल्यांना जाग येते. पावसाच्या माऱ्यापासून भिंती वांचाव्या म्हणून बाहेरून बांधलेलें गवत सोडून काढतात, चार महिने मिटलेलीं दारें उघडतात, आणि आंतल्या ओलसर वासाबरोबर घराला नकोशा झालेल्या वस्तूहि व्हरांड्यांत येऊन बसतात. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका ऑक्टोबरांत आम्ही तेथें गेलों असतां एका जुन्या बंगल्यापाशीं थबकलों. बंगला विकला गेला होता. पुण्याहून आलेला जुन्या सामानाचा एक व्यापारी खुर्च्या, आरसे आणि पितळी भांडीं यांची मांडामांड करीत होता. त्या गर्दींत एक फुलदाणी आमच्या नजरेस पडली. रंग मधासारखा, अंग जाड, हातांत घेतली तर विटेसारखी जड. आणि तिच्या अंगावर ओळीनें उठविलेलीं गोल भिंगें, अशीं कीं उन्हांत धरतांच समोरच्या एका खिडकीच्या वीस खिडक्या व्हाव्या.

“साहेबाच्या वेळची आहे,” व्यापारी म्हणाला. “अस्सल विलायती. आतां असा माल मिळत नाहीं.”

हें ऐकून घरच्या बाई आंतून बाहेर आल्या. वय सत्तरीच्या पुढचें, पण आवाज खणखणीत. “साहेब कुठला आलाय! आमच्या मामंजींनीं आणली ती, प्रागहून. रांचीच्या कारखान्यांत होते ना, तेव्हां सरकारनें शिकायला धाडलें होतें तिकडे. मी लग्न होऊन आलें तेव्हां ह्याच टेबलावर होती.”

व्यापारी हंसला आणि त्यानें किंमत निम्म्यावर आणली. साहेब निघून जातांच वस्तूचें निम्मे मोल गेलें, याची आम्हांस मौज वाटली. पैसे देत असतां त्यानें कोपऱ्यांतला एक गंजलेला कंदील उचलून आमच्या पिशवींत टाकला. “हा तसाच न्या, प्रोफेसरसाहेब. नाहींतर वजनावरच जायचा.”

त्या दिवसापासून या दोन वस्तू आमच्या अभ्यासिकेच्या फळीवर शेजारीं शेजारीं बसल्या आहेत. फुलदाणीवर कोठेंहि अक्षर नाहीं, शिक्का नाहीं, सही नाहीं. कंदिलाच्या पत्र्यावर मात्र “प्रभाकर” हें नांव ठसठशीत उठविलेलें आहे. आम्हांस वाटलें, नांव असलेल्या वस्तूचा इतिहास सोपा आणि नांव नसलेलीचा अवघड असणार. शोध घेऊं लागलों तों अगदीं उलटा अनुभव आला. तो अनुभव वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

व्यापाऱ्याचा समज तसा स्वाभाविक होता. महाबळेश्वर हें १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम आणि साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह यांच्या व्यवहारांतून वसलेलें थंड हवेचें ठिकाण; तेथील पेठेला माल्कमपेठ हें नांव त्यावरूनच पडलें. अशा गांवीं जें जड, चकचकीत आणि परकें दिसेल तें साहेबाचें, असा हिशेब आपले लोक सहज करतात. पण बाईंचा शब्द इतिहासाला धरून होता. रांचीची हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन ही संस्था १९५८ मध्यें स्थापन झाली, आणि तिचा ओतकामाचा व घडाईचा कारखाना चेकोस्लोव्हाकियाच्या साह्यानें उभा राहिला. त्या कामासाठीं कांहीं भारतीय इंजिनिअर तिकडे गेले, हें साहजिकच होतें. परत येतांना त्यांनीं घरच्यांसाठीं काय आणावें? त्या देशांत गेलेला माणूस कांच आणणार, जसा महाबळेश्वरहून परतणारा मध आणणार.

कारण बोहेमियाची कांच म्हणजे केवळ एक धंदा नव्हे; ती त्या भूमीच्या पोटांतूनच निघालेली कला आहे. कांच मुळांत वाळूची. परंतु वाळू वितळण्यास इतकी प्रखर उष्णता लागते कीं तींत क्षार मिसळल्यावांचून काम होत नाहीं. व्हेनिसच्या कारागिरांना समुद्रकांठच्या वनस्पतींच्या राखेंतून सोड्याचा क्षार मिळे. त्यामुळें त्यांची कांच बराच वेळ मऊ राही आणि तिच्या तारा ओढून जाळीसारखीं नाजूक भांडीं घडवितां येत. बोहेमिया समुद्रापासून शेंकडों मैल दूर. तेथें बीच वृक्षांचीं घनदाट जंगलें होतीं. त्याच लांकडांनीं भट्टी पेटवावयाची आणि त्यांच्याच राखेंतून पोटॅशचा क्षार काढावयाचा, अशी तेथली रीत पडली. एका रानांतील लांकूड संपलें कीं भट्टी उठून दुसऱ्या रानांत जाई. ही पोटॅशची कांच लवकर घट्ट होते. तिची जाळी विणतां येत नाहीं. पण ती कठीण आणि तेजस्वी असल्यामुळें हिऱ्याप्रमाणें तिला पैलू पाडतां येतात. जें एका दृष्टीनें उणें तेंच दुसऱ्या दृष्टीनें सामर्थ्य ठरलें. प्रागला सम्राट् दुसरा रुडॉल्फ याच्या दरबारीं कास्पार लेहमान नांवाचा रत्नें कोरणारा कारागीर होता. रत्नांवर चालणारें फिरतें चाक त्यानें कांचेवर चालविलें, आणि १६०९ मध्यें या कामाचा खास परवाना सम्राटाकडून मिळविला. पुढें नोव्ही बोर येथील फ्रीड्रिख एगरमान यानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पांढऱ्या कांचेला चांदीच्या क्षारानें पिवळी आणि तांब्याच्या क्षारानें लाल झांक देण्याची युक्ति साधली. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांतली ती लालभडक कांच पुष्कळदां अशा पातळ रंगाच्या थरानेंच नटलेली असते. पैलू पाडला कीं आंतली पांढरी कांच उघडी पडते.

या बोहेमियाचा आणि आपला संबंध फुलदाणीपासून सुरू झाला असें मात्र कोणी समजूं नये. तो आपल्या आज्यांच्या मनगटांपासून सुरू होतो. बोहेमियाच्या उत्तरेस याब्लोनेत्स नांवाचें गांव आहे. जर्मन भाषेंत त्यास गाब्लोंत्स म्हणत. तेथील घरोघरीं मणी, बटणें आणि खोटे दागिने होत. तेथील व्यापारी दूरदूरच्या देशांत कोणत्या आकाराचा, कोणत्या रंगाचा माल खपतो तें बारकाईनें पाहून तसाच माल करवून घेत. हिंदुस्थानांतील स्त्रियांना बांगडी लागते आणि ती वारंवार फुटते, हें त्यांनीं ओळखलें, आणि गेल्या शतकापूर्वीच्या शतकाच्या अखेरीस तेथल्या बांगड्या जहाजें भरभरून मुंबईस येऊं लागल्या. तो प्रदेश तेव्हां ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत असल्यामुळें बाजारांत हा माल ऑस्ट्रियाचा म्हणून चाले. आपल्या कासारानें ओवी म्हणत, हात चेपीत चढविलेला चुडा याब्लोनेत्सच्या डोंगरांतील एखाद्या झोंपडींत घडलेला असे. सौभाग्याचें लेणें परदेशांतून यावें, ही गोष्ट १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळींत लोकांच्या मनाला फार बोंचली.

त्या बोंचणींतून महाराष्ट्रांत एक असा उद्योग निघाला कीं त्याची आठवण पुसली जाऊं नये. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनीं प्रत्येक माणसानें वर्षाला एक पैसा द्यावा अशी कल्पना काढली आणि तिच्यासाठीं गांवोगांव पायपीट केली. लोकमान्य टिळकांनीं तिला पाठबळ दिलें. या पैसाफंडांतून १९०८ मध्यें तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना उघडला; त्याच वर्षीं टिळकांना मंडालेची शिक्षा झाली. कारखान्याची सूत्रें ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे होतीं. त्यांनीं जपान व अमेरिका येथें या विद्येचें शिक्षण घेतलें होतें. तळेगांव हा नुसता कारखाना नव्हता, ती शाळाहि होती. भट्टीपुढें उभें राहून फुंकणी कशी धरावी, रस किती उचलावा, श्वास किती सोडावा, हें शिकून तेथून बाहेर पडलेले कारागीर देशांतील इतर भट्ट्यांवर गेले.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि ऑस्ट्रियाचा माल बंद पडला. देशी कारखान्यांना श्वास घेण्यास जागा मिळाली. याच काळांत, १९१६ सालीं, कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या आश्रयानें ओगले बंधूंचा कांचकारखाना उभा राहिला आणि त्याच्या भोंवतीं ओगलेवाडी वसली. कऱ्हाडचें रेल्वे स्टेशन आजहि तेथेंच आहे. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे उद्योगाला घर देणारे राजे. १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली तीहि त्यांच्याच संस्थानांत. ओगले बंधूंनीं आपल्या कंदिलास वडिलांचें नांव दिलें, आणि “प्रभाकर” घरोघर गेला. तोंवर आपल्याकडील कंदील म्हणजे अमेरिकेचा डीट्झ, नाहींतर जर्मनीचा वा ऑस्ट्रियाचा एखादा. आतां सूर्याचें नांव धारण करणारा हा देशी दिवा खेड्यांतल्या पडवींत, गोठ्यांत, बैलगाडीच्या जुवाखालीं आणि परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या मुलापुढें तेवूं लागला. आजच्या वाचकांपैकीं वडीलधाऱ्यांना त्याच्या वातीचा वास अजून आठवत असेल.

कंदिलाची कांच ही दिसावयास साधी, पण तिची परीक्षा कठीण. आंतून ज्योतीचा ताव, बाहेरून पावसाचा थेंब. महाबळेश्वरसारख्या ठिकाणीं, जेथें वर्षाला सरासरी दोनशें इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथें तर ही परीक्षा रोजची. कांच तापलेली असतां घडविली जाते. ती एकदम निवाली तर वरचा थर आधीं आंखडतो, आंतला मागून, आणि दोहोंच्या ओढाताणींत ती केव्हांतरी आपोआप तडकते. म्हणून घडविलेली चिमणी मंद उष्णतेच्या भट्टींत ठेवून सावकाश निववावी लागते. ही सावकाशी ज्यानें चुकविली त्याची चिमणी पहिल्याच श्रावणांत फुटावयाची. आमच्या फळीवरील चिमणी अजून अभंग आहे. तिला निवविणाऱ्यानें आपलें काम चोख केलें होतें, एवढें तरी तिच्याकडे पाहून निश्चित सांगतां येतें.

इकडे ओगलेवाडी वसत असतां तिकडे १९१८ मध्यें ऑस्ट्रियाचें साम्राज्य मोडलें आणि चेकोस्लोव्हाकिया हें स्वतंत्र राष्ट्र जन्मास आलें. या नव्या राष्ट्रानें १९२० मध्यें मुंबईस आपला वाणिज्य-वकील नेमला. ते ओटाकार पेर्टोल्ड हे हिंदुस्थानच्या धर्मांचे गाढे अभ्यासक होते. त्याच १९२० सालीं झेलेझ्नी ब्रोड या गांवीं त्या राष्ट्रानें कांचविद्येची शाळा काढली. कामेनित्स्की शेनोव्ह येथें अशी शाळा १८५६ पासून, आणि नोव्ही बोर येथें १८७० पासून होतीच. पण नव्या शाळेंत शिक्षणाची भाषा चेक होती, एवढा त्यांत स्वराज्याचा अर्थ होता. या शाळांतून भट्टीचें काम तर शिकवीतच, पण चित्रकला, रसायन आणि कलेचा इतिहास हेहि विषय असत. प्रागला १८८५ पासून उपयुक्त कलांचें संग्रहालय होतें. कारागिराचा हात, चित्रकाराची वही आणि संग्रहालयाचें कपाट या तिहींची सांगड त्या छोट्या राष्ट्रानें घालून ठेविली होती. तिचें मोल पुढें कळावयाचें होतें.

कारण त्या कांचेचा पुढचा इतिहास फुटतुटीचा आहे. १९३८ मध्यें म्युनिकच्या करारानें सरहद्दीचा मुलूख जर्मनीनें गिळला. कांचेचीं बहुतेक गांवें त्याच मुलुखांत. ज्यू कारखानदार व व्यापारी परागंदा झाले किंवा मारले गेले. १९४५ मध्यें जर्मनी हरली आणि चेकोस्लोव्हाकियांतील सुमारें तीस लक्ष जर्मनभाषी लोकांना देशाबाहेर घालविण्यांत आलें. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या भट्टीवर राबलेलीं घराणीं होतीं. याब्लोनेत्सचे कित्येक कारागीर बव्हेरियांतील काउफबॉयरेनजवळ जाऊन राहिले आणि तेथें त्यांनीं नवें गाब्लोंत्स वसविलें. सुंदर वस्तूंच्या इतिहासांतून असें पान फाडून टाकण्याचा मोह संग्राहकास होतो. पण तें पान नसेल तर पुढचें समजत नाहीं. १९४८ मध्यें कम्युनिस्ट सत्ता आली. कारखाने सरकारच्या मालकीचे झाले, जुन्या पेढ्यांचीं नांवें पुसलीं गेलीं, आणि परदेशीं जाणारा माल स्क्लोएक्स्पोर्ट या एकाच सरकारी संस्थेमार्फत जाऊं लागला. भांड्यावर काय असे? फार तर “बोहेमिया ग्लास” असें छापलेली कागदी चिठ्ठी. पहिल्याच धुण्यांत ती निघून जाई. आमची फुलदाणी मुकी कां, याचें उत्तर या घडामोडींत आहे.

आणि तरीहि याच काळांत त्या देशाच्या कांचेनें जगाला थक्क केलें. चित्र काढावें तर तें मजुराचें वा ट्रॅक्टरचें असलें पाहिजे, असा सरकारी दंडक होता. परंतु कांच म्हणजे घरगुती भांडीं, त्यांत कसलें राजकारण, असें समजून अधिकाऱ्यांनीं तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. ज्या चित्रकारांचा श्वास इतरत्र कोंडला त्यांनीं तो कांचेंत सोडला. स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की यांनीं काढलेलें एका माणसाच्या मस्तकाच्या आकाराच्या वाडग्याचें चित्र यारोस्लावा ब्रिख्तोव्हा यांनीं पाहिलें आणि फुंकणी न घेतां तें साच्यांत कांच वितळवून घडविलें. त्यांतून दोघांचा आयुष्यभराचा संसार आणि सहकार जन्मास आला. १९५७ च्या मिलान येथील प्रदर्शनांत या देशाच्या कांचेची वाहवा झाली. १९५८ मध्यें ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनांत रेने रुबीचेक यांच्या रचनेस सर्वोच्च पारितोषिक मिळालें. लिबेन्स्की पुढें १९६३ पासून १९८७ पर्यंत प्रागच्या कलाविद्यालयांत शिकवीत राहिले, आणि त्यांचे शिष्य जगभर पसरले.

परंतु या नामवंतांच्या खालोखाल आणखी एक वर्ग होता, आणि आमच्या फुलदाणीचा जन्म त्यांच्यांतला. सामान्य घराला परवडेल अशी कांच फुंकून करीत नाहींत. ती साच्यांत दाबून करतात. लोखंडी साच्यांत तापलेल्या रसाचा गोळा टाकावयाचा, वरून दट्ट्या दाबावयाचा, कीं भांडें तयार. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत निघालेली ही युक्ति बहुतेक ठिकाणीं पैलूदार कांचेची स्वस्त नक्कल करण्यासाठींच वापरली गेली. १९५० नंतर चेक चित्रकारांनीं तिचा वेगळा विचार केला. दाबलेल्या कांचेनें हिऱ्याचें सोंग कां घ्यावें? साचा जें सहज देतो तेंच द्यावें: जाड अंग, ठळक गोळे, उभ्या धारा, आणि त्यांतून वांकणारा प्रकाश. व्लादिस्लाव्ह उर्बान, फ्रांतिशेक पेचेनी, आडोल्फ मातुरा, रुडॉल्फ युर्निक्ल यांनीं अशा फुलदाण्यांचे नमुने काढले, आणि १९६५ मध्यें असे कारखाने स्क्लो युनियन या एका छत्राखालीं आले. श्रीमंताच्या दिवाणखान्यांत नव्हे, तर नोकरदाराच्या दोन खोल्यांत चांगली रचना पोहोंचली. आमची भिंगांची फुलदाणी युर्निक्ल यांनीं तेप्लित्सेजवळच्या रुडोल्फोव्हा भट्टीसाठीं काढलेल्या नमुन्यांपैकीं आहे. साच्याच्या सांध्याची पुसट रेघ, बुडाचा कांठ घांसून सपाट केल्याची खूण, कांचेचा रंग आणि भिंगांची मांडणी ही सर्व लक्षणें जुळलीं.

तें आम्हीं कसें ओळखिलें? आमच्या हुषारीनें नव्हे. १९८९ मध्यें तेथील सत्ता पालटली आणि युरोपांतील जुन्या बाजारांत ही कांच उघड फिरूं लागली, तेव्हां बिनसहीची म्हणून व्यापारी तिला वाटेल तें नांव देत: कधीं मुरानोची, कधीं स्वीडनची. ख्रीब्स्का किंवा श्क्र्दलोवित्से येथील भट्टीवर हातानें ओढलेलीं रंगीत भांडीं व्हेनिसचीं म्हणून दुप्पट किंमतीस विकलीं गेलीं. मग कांहीं चिकाटीच्या संग्राहकांनीं कारखान्यांच्या नमुन्यांच्या वह्या, त्या देशांतून अनेक भाषांत निघणाऱ्या “चेकोस्लोव्हाक ग्लास रिव्ह्यू” मासिकाचे जुने अंक, शाळांचीं रेखाटनें आणि संग्रहालयांच्या नोंदी एकमेकांशीं ताडून पाहिल्या, आणि हजारों अनाम भांड्यांना त्यांच्या कर्त्यांचीं नांवें परत मिळवून दिलीं. भांड्यावरची चिठ्ठी पाण्यांत गेली, पण कपाटांतली वही राहिली. राज्यें बदललीं, माणसें हांकललीं गेलीं, मालक गेले, वही राहिली. ख्रीब्स्काची भट्टी २००७ मध्यें विझली. तरी तिथें कोणी काय घडविलें हें आज सांगतां येतें. २०२३ मध्यें हातानें कांच घडविण्याची विद्या चेकिया, जर्मनी, फ्रान्स आदि सहा देशांच्या वतीनें युनेस्कोच्या मानवी वारशाच्या यादींत गेली. त्या मानाचा पायाहि अशा नोंदींतच आहे.

आतां दुसऱ्या वस्तूकडे वळूं. कंदिलावर नांव आहे. पण तें कोणाचें? मालकांच्या वडिलांचें. तें असावें यांत गैर कांहींच नाहीं. पितृऋणाची ती सुंदर फेड आहे. पण ही चिमणी कोणीं फुंकली, हिचा फुगवटा कोणीं ठरविला, साचा कोणीं कातला, भट्टीची आंच कोणीं जोखली, हें त्या नांवानें सांगतां येत नाहीं. खेड्यापाड्यांत वीज आली, कंदील माळ्यावर गेले, ओगलेवाडीची भट्टी थंड झाली. आज त्या जुन्या चिमण्या भंगाराच्या दुकानांत तागडींत पडतात. आम्ही स्वतः बोहेमियाची फुलदाणी पैसे देऊन घेतली आणि कऱ्हाडचा कंदील फुकट मिळाला म्हणून पिशवींत राहूं दिला, हें सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. परक्याची कांच ती कला आणि आपल्या जिल्ह्याची कांच ती अडगळ, असा हिशेब आमच्याहि मनानें न बोलतां केला होता. साहेबाचें नांव ऐकून किंमत वाढविणाऱ्या त्या व्यापाऱ्याला हंसण्याचा आम्हांस काय अधिकार?

आपल्याकडे जतन करणारे नव्हते असें नाहीं. ज्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या संस्थानांत हा कारखाना वाढला, त्यांनींच १९३८ मध्यें औंधच्या टेकडीवर भवानी संग्रहालय उभारलें. पुण्याचे दिनकर केळकर यांनीं तर दिवे, अडकित्ते, फण्या, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा करून आपल्या अकालीं गेलेल्या राजा या मुलाच्या नांवानें संग्रहालय केलें. ते कविता लिहीत ती “अज्ञातवासी” या नांवानें; आणि त्यांनीं जमविलेल्या बहुतेक वस्तूंचे कर्तेहि अज्ञातवासीच आहेत. केळकरांनीं वस्तु वांचविल्या, त्यांचे उपकार आहेत. पण लांकूड कोरणारा सुतार दोनशें वर्षांपूर्वीं गेला, त्याचें नांव आतां कोठून आणावें? कंदिलाचें तसें नाहीं. त्या भट्टीपुढें उभे राहिलेल्यांचीं मुलें अद्याप आपल्यांत आहेत. विचारलें तर सांगतील.

म्हणून गेल्या मार्गशीर्षांत आम्ही तो कंदील घेऊन ओगलेवाडीस गेलों. स्टेशनाजवळच्या चहाच्या दुकानांत चौकशी करतां एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांचे वडील कारखान्यांत भट्टीवर होते. त्यांनीं चिमणी काढून हातांत घेतली, कांठावरून अंगठा फिरविला आणि बराच वेळ कांहीं बोललेच नाहींत. मग म्हणाले, “ही आबांच्याच हातची म्हणून न्हाई सांगता यायचं. लई माणसं व्हती भट्टीवर. पर घरात चिमणी फुटली की आम्हांला मार बसायचा. म्हणायचे, कुणाचा तरी दम गेलाय तिच्यात, जपून पुसा.”

“त्यांचें नांव काय?” आम्हीं विचारलें.

त्यांनीं आमच्याकडे जरा नवलानें पाहिलें. “कंदिलाबद्दल विचारायला मागं दोघं-तिघं आलं व्हतं,” ते म्हणाले. “नाव तुम्हीच विचारलं.”

संग्रहाचें वेड आम्हांस आहे आणि तें लवकर जाईल असें दिसत नाहीं. बोहेमियाच्या कांचेवरचें आमचें प्रेमहि उणें झालेलें नाहीं. उलट, नांव नसलेल्या कांचेला नांव कसें मिळवून द्यावें हें तिनेंच आम्हांस शिकविलें. पण त्या शिकवणुकीचा उपयोग तिच्याच देशापुरता राहिला तर आमचें शिकणें फुकट गेलें. ज्यांच्या घरीं जुना कंदील, बरणी वा चिमणी असेल त्यांनीं ती जरूर जपावी. परंतु तिच्याहून आधीं एक वही घ्यावी आणि घरांतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशीं जाऊन बसावें. कांच शंभर वर्षें टिकेल. माणूस टिकत नाहीं.

त्या वृद्धांनीं सांगितलेलें नांव आम्हीं येथें छापलें नाहीं. तें त्यांच्या घरचें आहे, आणि छापावयाचें तर आधीं घरच्यांस विचारलें पाहिजे. पण परत आल्यावर तें एका कागदाच्या चिठ्ठीवर, गांवासह आणि तारखेसह, नीट अक्षरांत लिहिलें, आणि ती चिठ्ठी कंदिलाच्या बुडाशीं चिकटविली. शेजारच्या फुलदाणीची चिठ्ठी पाण्यांत गेली होती. ही जाऊं नये म्हणून तेंच नांव वहींतहि लिहून ठेविलें आहे.